कारस्थानी बाईची गोष्ट सांगतंय कोण?

हॉलमध्ये पियानो वाजतोय. पियानोपासून चार पावलांवर घरमालकाचं प्रेत पडलंय. त्याची बायको आणि तिचा प्रियकर अजिबात आवाज न करता रक्त पुसतायत, प्रेत मोठ्या बॅगेत कोंबतायत. आणि पियानो वाजवणारा आंधळा पोरगा, जो खरं तर आंधळा नाहीच, घाम फुटला तरी वाजवतच राहतो.

‘अंधाधुन’मधला हा सीन आठवत नाही असा कॉलेजवाला सापडणं अवघड. ५ ऑक्टोबर २०१८ला आलेला हा सिनेमा पुण्यात घडतो आणि त्याचं बरंचसं शूटिंगही पुण्यातच झालंय. त्यामुळे आपल्याला तो जरा जास्तच आपला वाटतो. कर्वेनगरच्या फ्लॅट्समध्ये नि हॉस्टेल्समध्ये सबमिशन संपलं की लॅपटॉपवर जे चार-पाच सिनेमे हमखास लागतात, त्यातला हा एक. बघून झालं की एक वाक्यही हमखास येतं, ‘तब्बू काय डेंजर बाई आहे यार!’

आहेच. पण ही डेंजर बाई काही पुण्यात जन्मलेली नाही. तिचं खानदान जुनं आहे, ऐंशी वर्षांहून जुनं. तिची वंशावळ काढत गेलं की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. या बाईची गोष्ट ती स्वतः जवळजवळ कधीच सांगत नाही. कुणीतरी दुसराच सांगतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा स्वतःच त्या गुन्ह्यात अडकलेला असतो.

(पुढे भरपूर स्पॉयलर्स आहेत. १९४४चा सिनेमा तुम्ही अजून बघितला नसेल, तर त्याला आमचा इलाज नाही!)

इन्शुरन्सवाला आणि त्याची कबुली

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात असलेल्या फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम थडकले. त्यातले काही बघून नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने १९४६मध्ये त्यांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. अर्धा चेहरा अंधारात, खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, सिगारेटचा धूर, पावसात भिजलेला रस्ता, लोभात फसलेला पुरुष आणि त्याला फसवणारी सुंदर बाई. या बाईलाही फ्रेंचच नाव मिळालं, ‘फाम फताल’. आपल्या भाषेत, घात करणारी बाई.

या घराण्यातला सगळ्यात गाजलेला सिनेमा म्हणजे बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४). जेम्स एम. केनची कादंबरी, पटकथेला वाइल्डरच्या जोडीला रेमंड चँडलर. नाव इन्शुरन्सच्या एका कलमावरून आलंय. पॉलिसीधारक अपघातात, त्यातही रेल्वे अपघातासारख्या क्वचित होणाऱ्या अपघातात गेला, तर वारसाला दुप्पट पैसे.

वॉल्टर नेफ हा इन्शुरन्स एजंट एका बंगल्यात कार पॉलिसीच्या रिन्युअलसाठी जातो. घरात असते फिलिस (बार्बरा स्टॅनविक). पायात पैंजणासारखी नाजूक साखळी. गप्पांच्या ओघात ती सहज विचारते, नवऱ्याला न कळता त्याची अपघात पॉलिसी काढता येईल का? नेफला कळतं काय चाललंय ते. तो उठून जातो, पण मनातून बंगला जात नाही. मग दोघं मिळून प्लॅन करतात. नवऱ्याचा पाय मोडलेला, तो कुबड्यांवर. त्याला गाडीतच मारायचं. नेफने कुबड्या घेऊन त्याच्या जागी ट्रेनमध्ये चढायचं, शेवटच्या डब्यातून उडी मारायची आणि खरं प्रेत रुळांवर टाकायचं. ट्रेनमधून पडून मेला, पैसे दुप्पट.

प्लॅन जवळजवळ परफेक्ट. पण कंपनीत कीज नावाचा क्लेम्सवाला म्हातारा असतो. त्याला एक साधा प्रश्न पडतो. माणसाकडे अपघात पॉलिसी होती, त्याचा पाय मोडला, मग त्याने पायाचा क्लेम का नाही केला? कारण आपली पॉलिसी आहे हेच त्याला माहीत नव्हतं! खल्लास. तिथून सगळं उसवत जातं.

सिनेमाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. पण फिलिस अमर झाली. आजही कारस्थानी बाईचं पात्र लिहिणारा कुणीही कुठे ना कुठे तिचं देणं लागतो.

आता यातली गंमत बघा. सिनेमा सुरू होतो तेव्हा गोळी लागलेला नेफ रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर, म्हणजे तेव्हाच्या व्हॉइस रेकॉर्डरवर, कीजसाठी कबुली द्यायला बसतो. पुढचा अख्खा सिनेमा ही त्याची कबुली आहे. फिलिस कशी दिसली, कशी बोलली, तिच्या डोक्यात काय होतं, सगळं नेफच्या तोंडून. आपण ते ऐकतो आणि मान डोलावतो. बाईने बिचाऱ्याला नादी लावलं.

पण त्याचीच कबुली नीट ऐकली तर हिशेब वेगळा निघतो. कंपनीला गंडवायचा विचार आपल्या डोक्यात फिलिस भेटायच्या कितीतरी आधीपासून घोळत होता, हे तो स्वतःच सांगतो. ट्रेनची आयडिया त्याची. दुप्पट पैशांचा आग्रह त्याचा. खून त्याच्या हातांनी झाला. गाडी तेवढी तिने चालवली. शेवटी ती त्याच्यावर एक गोळी झाडते आणि दुसरी झाडू शकत नाही. तो मात्र तिला जवळ घेऊन गोळ्या घालतो. इतकं सगळं होऊनही पोस्टरवर ‘घात करणारी’ तीच.

म्हणजे फिलिस निष्पाप का? छे! ती थंड डोक्याची, लोभी आणि धोकादायक आहे, आणि तशी आहे म्हणूनच बघायला भारी आहे. प्रश्न एवढाच की दोघांच्या गुन्ह्याची गोष्ट एकाच्याच तोंडून ऐकली की वजन कुठे झुकतं.

खुर्चीतला फोटो

केन हा मूळचा पत्रकार, आणि ही गोष्ट त्याला सुचली एका खऱ्या खटल्यावरून. १९२७मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने जड ग्रे या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा खून केला. नवऱ्याच्या नावावर पॉलिसी होती, तीही अपघाती मृत्यूला दुप्पट पैसे देणारी. दोघांनाही मृत्युदंड झाला. जानेवारी १९२८मध्ये एकाच रात्री, एकाच तुरुंगात, एकाच विजेच्या खुर्चीत.

शिक्षा सारखी, प्रसिद्धी मात्र वेगवेगळी. पेपरांनी तिला थंड रक्ताची राक्षसीण केलं आणि त्याला बाईच्या नादाने वाया गेलेला मऊ स्वभावाचा माणूस. ‘डेली न्यूज’च्या एका फोटोग्राफरने घोट्याला छुपा कॅमेरा बांधून आत प्रवेश मिळवला आणि खुर्चीतल्या रूथचा शेवटचा क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर होता. फोटो तिचा. त्याचा नाही.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत वेगळंच काही घडत होतं. पुरुष युद्धावर गेलेले, बायका कारखान्यांत नि ऑफिसांत कामाला लागलेल्या. पगार हातात, निर्णय हातात. परत आल्यावर आपली जागा तीच असेल का, ही पुरुषांच्या मनातली धाकधूक या काळ्या सिनेमांत उतरली, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात हॉलिवूडची तेव्हाची नियमावली सांगायची की गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. मग स्वतःचं डोकं चालवणाऱ्या बाईचा शेवट ठरलेला असायचा. तिला दीड तास मनसोक्त कारस्थानं करू द्यायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत मारून टाकायचं.

पण त्या दीड तासात तिला जे मिळायचं, ते त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या नायिकेला क्वचितच मिळायचं. डोकं, इच्छा, आणि टाळी घेणारी वाक्यं. गर्ल्स हॉस्टेलमध्ये हिरॉइनपेक्षा व्हॅम्पला जास्त शिट्ट्या का पडतात, याचं उत्तर इथे आहे.

आपल्याकडे ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली

मराठीत ही बाई आली राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मधून. साल १९६४. योगायोग म्हणजे आपल्या लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म अर्काइव्हसुद्धा त्याच वर्षी सुरू झालं. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा हा सस्पेन्स मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ (१९६६) केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. आईबाबांना विचारा, त्यांना गाण्यांसकट पाठ असेल.

दोन्हींचा सांगाडा एकच. ‘मेरा साया’मधून सांगते. वकील असलेल्या नायकाची बायको त्याच्या डोळ्यांसमोर जाते. अंत्यसंस्कार होतात. आणि मग पोलीस एका बाईला पकडतात. आरोप असा, की ती दरोडेखोरांच्या टोळीतली आहे. चेहरा हुबेहूब बायकोचा. ती म्हणते, मीच तुमची बायको. तो भर कोर्टात तिला प्रश्न विचारतो. फक्त नवरा-बायकोलाच माहीत असतील अशा गोष्टी ती सांगत जाते. तरीही त्याचा विश्वास बसत नाही. जितकं अचूक सांगेल तितकी ती जास्त कारस्थानी वाटते. इतकी तयारी करून आलीय म्हणजे केवढी पोचलेली असणार!

आणि शेवटी कळतं, ती खरंच बायको होती. गेली ती तिची जुळी बहीण, टोळीत सामील असलेली.

न्वारचा अख्खा खेळ इथे उलटा फिरलाय. प्रेक्षक म्हणून आपण अडीच तास एका खरं बोलणाऱ्या बाईला लबाड समजत बसतो, कारण पोलीस, कोर्ट आणि खुद्द नवरा तसं समजतोय. तिने गोष्ट सांगितली होती. ऐकणाऱ्यांनी निकाल आधीच लावला होता.

परत पुण्यात

आता ‘अंधाधुन’ पुन्हा बघू. दिग्दर्शक श्रीराम राघवन हे आपल्या एफटीआयआयचे विद्यार्थी. न्वारचं वेड त्यांच्या ‘एक हसीना थी’ आणि ‘जॉनी गद्दार’पासून दिसतं. ‘जॉनी गद्दार’ तर त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांनाच अर्पण केलाय. ‘अंधाधुन’चं बीज मात्र ऑलिव्हिए त्रेनेच्या ‘ल’अकॉर्दर’ या फ्रेंच शॉर्टफिल्ममध्ये आहे. पियानो दुरुस्त करणारा एक माणूस आंधळा असल्याचं नाटक करतो आणि नको ते बघतो. शॉर्टफिल्म तिथेच थांबते. राघवन आणि त्यांच्या लेखकांनी पुढचा अख्खा चक्रव्यूह रचला. सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, आधारित पटकथा आणि आयुष्मान खुराणाला अभिनय असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

सिमी काय काय करते? नवऱ्याच्या खुनात सामील. शेजारच्या म्हातारीला गॅलरीतून ढकलते. आकाशला प्रसादातून काहीतरी खायला घालून खरोखरचा आंधळा करते. फिलिसने हात जोडावेत असा रेकॉर्ड.

पण बाकीची मंडळी बघा. आकाश मुळात खोटा आंधळा, प्रेयसीला फसवणारा. प्रियकर पोलीस अधिकारी असून खुनी. डॉक्टर किडन्यांचा धंदा करणारा. लॉटरीवाली बाई आणि रिक्षावाला आधी आकाशलाच विकायला निघालेले, मग पैशांसाठी ब्लॅकमेल करणारे. या सिनेमात कारस्थान न करणारं पात्र शोधायला बसलात तर सशापर्यंत जावं लागेल. तरीही बघून झाल्यावर आपण ‘डेंजर’ म्हणतो ते एकटीला.

आमच्या कर्वेनगरच्या ग्रुपमध्ये यावरून एकदा रात्री दोनपर्यंत वाद झाला होता. खरा व्हिलन कोण, यावर मतदान चाललेलं. सिमी आरामात जिंकत होती. तेवढ्यात कोपऱ्यात मॅगी खात बसलेली एक मैत्रीण म्हणाली, ‘पण शेवटचं सगळं आकाशच सांगतोय ना? आपण कुठे बघितलं?’

शांतता.

कारण खरंच तसं आहे. दोन वर्षांनी युरोपातल्या एका कॅफेत आकाश सोफीला सगळी हकीकत सांगतो. डॉक्टर सिमीचे डोळे काढून मला बसवणार होता, पण मी नाही म्हणालो. मग सिमीने डॉक्टरला संपवलं, गाडीचा ताबा घेतला, मला चिरडायला आली. इतक्यात एक ससा उडाला, काचेवर आदळला आणि गाडी उलटली. सोफी ऐकून घेते. आकाश बाहेर पडतो. रस्त्यात पडलेला डबा त्याला बरोब्बर दिसतो आणि काठीच्या फटक्याने तो उडवतो. काठीची मूठ सशाच्या तोंडाची.

मग डोळे आले कुठून? सुरुवातीला दिसलेला एका डोळ्याने अधू ससा हा पुरावा मानायचा, की तोही आकाशच्याच गोष्टीचा भाग? यावर अजूनही भांडणं होतात, होऊ द्यात. पण एक गोष्ट पक्की आहे. सिमीच्या शेवटच्या दुष्टपणाला साक्षीदार एकच, आणि तो सिनेमाच्या पहिल्या सीनपासून खोटं बोलतोय. ऐंशी वर्षांपूर्वीचा नेफ डिक्टाफोनसमोर बसला होता, आकाश कॉफीसमोर बसलाय. खुर्ची तीच.

पुण्यातली खरी ट्रेन

आता एक खरी गोष्ट. लॉच्या मुलांना ही केस माहीत असते. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य.

१२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री पुण्यातली एक श्रीमंत विधवा मुंबईला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसली. सोबत होता घरोबा असलेला डॉक्टर, अनंत लागू. पहाटे गाडी मुंबईत पोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. त्याने तिला जी. टी. हॉस्पिटलमध्ये भरती केलं, पण खोट्या नावाने. काही तासांत ती गेली. प्रेत न्यायला कुणी आलं नाही. ते बेवारस ठरलं.

इकडे पुण्यात नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना तिच्या नावाने पत्रं यायला लागली. मी तीर्थयात्रेला निघालेय. मग, मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलंय, जयपूरजवळ राहतेय, आता परत येणार नाही. आणि दरम्यान तिचे पैसे, शेअर्स डॉक्टरच्या हाती जात होते.

पत्रं बनावट होती. पोस्टमॉर्टेममध्ये विष सापडलंच नाही. तरीही खोटं नाव, बेवारस सोडलेलं प्रेत, बनावट पत्रं, पैशांची वाट अशा परिस्थितीजन्य पुराव्यांच्या साखळीवर पुण्याच्या सेशन्स कोर्टाने त्याला फाशी सुनावली. हायकोर्टाने आणि डिसेंबर १९५९मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

ट्रेन, खोटी ओळख, पैशांसाठी शांत डोक्याने केलेला खून. ‘डबल इन्डेम्निटी’चंच सगळं सामान. फक्त इथे मेली ती बाई, आणि कारस्थान पुरुषाचं. पण सगळ्यात जास्त थरकाप उडवतात ती पत्रं. खून लपवायला त्याने कुठली गोष्ट निवडली? विधवा बाई घरच्यांना न सांगता लग्न करून पळाली. लोक चिडतील, नाक मुरडतील आणि शोध घेणार नाहीत, असा त्याचा हिशेब असणार. त्या काळात ही गोष्ट सहज खपण्यासारखी होती. काही लोकांनी तरी शंका घेतली म्हणून तो सापडला.

हिंगण्याच्या माळावरून

कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि १९००मध्ये ती या माळावर आणली. का? तर पुण्यात विधवेने शिकणं, पुन्हा लग्न करणं, नुसतं ताठ चालणं हेसुद्धा संशयास्पद होतं. कर्व्यांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांना बहिष्कार सोसावा लागला होता. ‘बाईचं काहीतरी चाललंय’ हे वाक्य तेव्हा कुणाचंही आयुष्य संपवायला पुरेसं होतं. आज त्याच माळावर मुली इंजिनिअरिंग करतात, रात्री उशिरा प्रोजेक्ट करतात आणि ‘अंधाधुन’ बघून भांडतात.

वाक्य मात्र संपलेलं नाही, फोनमध्ये शिरलंय. २०२५मध्ये मेरठच्या एका खुनानंतर निळ्या ड्रमच्या मीम्सचा पूर आला होता, आठवतंय? कॉलेजच्या ग्रुप्सवरही ते फिरले. लग्न ठरलेल्या मित्राला ‘सांभाळ रे’ म्हणत ड्रमचे इमोजी. बायको म्हणजे बघता बघता सिमी. त्या केसमधला गुन्हा भयंकरच होता, त्यात वाद नाही. पण याच देशात हुंडाबळींची संख्या वर्षाला सहा हजारांच्या घरात असते. २०२२ची सरकारी आकडेवारी तर सहा हजारांच्या वर होती. त्यांच्यावर किती मीम्स आले? स्टोव्हचा इमोजी कुणी कुणाला पाठवला?

सिनेमाचा यात दोष नाही. सिमी आणि फिलिस लिहिल्या गेल्याच पाहिजेत. बाईला फक्त सोशिक नि सोज्वळ ठेवणं हाही एक प्रकारचा अन्यायच. घोळ तेव्हा होतो, जेव्हा पडद्यावरची एक बाई आपण खऱ्या बातमीतल्या प्रत्येक बाईला चिकटवतो, आणि गोष्ट सांगणाऱ्याला एकही प्रश्न विचारत नाही.

म्हणून पुढच्या मूव्ही नाइटला ‘डबल इन्डेम्निटी’ लावा. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका, पावणेदोन तास कसे जातात कळत नाही. ‘पाठलाग’ किंवा ‘मेरा साया’ घरी गेलात की आईबाबांबरोबर बघा. अर्काइव्हमध्ये जुन्या सिनेमांचे शो लागतात, त्यावर लक्ष ठेवा. कर्वेनगरहून लॉ कॉलेज रोड काही लांब नाही, ट्रॅफिकने मनावर घेतलं नाही तर.

आणि मग एक खेळ खेळा. ग्रुपमधल्या प्रत्येकाने ‘अंधाधुन’ची गोष्ट एका पानात लिहायची, सिमीच्या तोंडून. ती खोटं बोलली तरी चालेल, आकाशही बोललाच आहे. वाचून झालं की पुन्हा मतदान घ्या, आणि किती मतं फिरली ते मोजा.